समुद्राच्या तळाखालची उष्णता आणि आपली वीज: आकडा खरा, मग प्लांट कुठे आहे?

"समुद्राच्या तळाखाली एवढी उष्णता आहे की अख्ख्या जगाची विजेची गरज कित्येक पटींनी भागेल." असं सांगणारी एखादी रील किंवा फॉरवर्ड तुमच्यापर्यंत कधी ना कधी आली असेल. आधीच सांगतो, यातला आकडा खोटा नाही. पृथ्वीच्या पोटातून सतत बाहेर पडणारी उष्णता साधारण ४७ टेरावॅट धरली जाते आणि त्यातली जवळपास ७० टक्के समुद्राच्या तळातून बाहेर येते. जगाचा विजेचा सरासरी वापर साडेतीन टेरावॅटच्या आसपास आहे. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर भागाकार करून बघा, नऊ-दहा पट उत्तर येईल.

तरीही समुद्रात उभं राहून या उष्णतेवर शहराला वीज देणारं केंद्र आज जगात एकही नाही. आकडा खरा आणि केंद्र एकही नाही, हे दोन्ही एकाच वेळी कसं काय? मला या विषयात सगळ्यात रस वाटतो तो याच प्रश्नात.

नेमकी कशाची गोष्ट चालली आहे?

भूऔष्णिक म्हणजे जिओथर्मल ऊर्जा. जमिनीखाली खोल बोअर घ्यायचा, तिथलं तापलेलं पाणी किंवा वाफ वर आणायची, वाफेवर टर्बाईन फिरवायचं आणि त्याला जोडलेल्या जनरेटरमधून वीज घ्यायची. कोळशाच्या केंद्रातही टर्बाईन वाफच फिरवते. फरक एवढाच की इथे बॉयलर पृथ्वीचा असतो. इटलीत लार्देरेलो या गावी पिएरो जिनोरी काँती यांनी १९०४ मध्ये जमिनीतल्या वाफेवर पाच दिवे पेटवून दाखवले आणि १९१३ मध्ये तिथेच पहिलं व्यावसायिक केंद्र सुरू झालं. म्हणजे तंत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. आज जगातल्या सगळ्या भूऔष्णिक केंद्रांची क्षमता मिळून १६,००० मेगावॅटच्या घरात जाते. आपला कोयना प्रकल्प १,९६० मेगावॅटचा. म्हणजे सगळं जग मिळून आठ कोयना. आणि ही सगळी केंद्रं जमिनीवरची.

एक गोंधळ इथेच मिटवू. समुद्राचं वरचं कोमट पाणी आणि खोलवरचं गार पाणी यांच्या तापमानातल्या फरकावर वीज करायची एक वेगळी पद्धत आहे, तिला ओटेक म्हणतात. ती उष्णता सूर्याची. आपण बोलतोय ती पृथ्वीच्या पोटातली. बातम्यांमध्ये या दोघींची सर्रास सरमिसळ होते.

तळाखाली एवढं तापलेलं काय आहे?

समुद्राच्या तळावर एक प्रचंड लांब पर्वतरांग आहे. क्रिकेटच्या चेंडूला शिवण असते तशी ती पृथ्वीभोवती फिरते, लांबी साधारण ६५,००० किलोमीटर. या रांगेवर पृथ्वीच्या कवचाचे दोन तुकडे एकमेकांपासून हळूहळू लांब जातात आणि मधल्या फटीत खालून लाव्हा भरत राहतो. म्हणजे नवा तळ सतत तयार होत असतो आणि तो गरम असतो.

आता समुद्राचं थंड पाणी तळातल्या भेगांतून खाली झिरपतं. खाली मॅग्माच्या जवळ जाऊन तापतं, खडकातली खनिजं विरघळवून घेतं आणि हलकं होऊन परत वर येतं. जिथे ते बाहेर फुटतं तिथे गरम झरा तयार होतो. त्याला हायड्रोथर्मल व्हेंट म्हणतात.

हे झरे पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यांनी दिसले ते १९७७ च्या फेब्रुवारीत. गॅलापॅगोस बेटांजवळ अल्विन नावाची छोटी पाणबुडी अडीच किलोमीटर खाली उतरली होती. मोहिमेवर सगळे भूशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ एकही नाही. आणि खाली सापडलं काय, तर झऱ्याभोवती दाटीवाटीने राहणारे शिंपले आणि लालभडक तोंडाचे लांबच लांब किडे! नमुने टिकवायला पुरेसं रसायनही बोटीवर नव्हतं, म्हणून काही नमुने चक्क व्होडकात बुडवून आणावे लागले.

गॅलापॅगोसचं ते पाणी कोमट होतं. खरा धक्का १९७९ मध्ये मेक्सिकोजवळच्या पॅसिफिकमध्ये बसला. तिथे तळावरच्या दगडी धुराड्यांतून काळंकुट्ट पाणी फसफसत बाहेर पडत होतं. अल्विनचा तापमान मोजायचा दांडा त्यात घातला तर त्याचं प्लास्टिक वितळलं. पुढे नीट मोजलं तेव्हा तापमान ३५० अंश सेल्सिअसच्या वर निघालं. या धुराड्यांना ब्लॅक स्मोकर म्हणतात. तो धूर नसतो, गरम पाण्यात विरघळलेले धातूंचे सल्फाइड गार समुद्राला भेटले की काळ्या भुकटीसारखे बाहेर पडतात.

३५० अंशांवर पाणी उकळत कसं नाही, असा प्रश्न पडला असेल. घरचा कुकर आठवा. दाब वाढला की पाणी १०० अंशांना उकळत नाही, कुकरमध्ये ते १२० अंशांच्या आसपास जातं. अडीच किलोमीटर खोल समुद्रात दाब आपल्या हवेच्या अडीचशे पट असतो. तिथे ३५० अंशांचं पाणीही पाणीच राहतं.

एक लिटर पाण्यात किती फोन चार्ज होतील?

हे गणित मी मुद्दाम करून पाहिलं, कारण टेरावॅट वगैरे आकडे डोक्यात बसत नाहीत. ३५० अंशांपर्यंत तापवलेलं एक लिटर पाणी समुद्राच्या तळाच्या तापमानापर्यंत, म्हणजे दोन अंशांपर्यंत थंड केलं तर साधारण ४४० वॅट-तास उष्णता मिळते. पण उष्णतेची सगळी वीज होत नाही. जगभरातली भूऔष्णिक केंद्रं सरासरी १२ टक्क्यांच्या आसपास उष्णता विजेत बदलतात. म्हणजे हातात आले ५३ वॅट-तास. तुमच्या ५,००० एमएएच बॅटरीत साधारण १९ वॅट-तास मावतात. चार्जिंगमध्ये काही वाया जातं ते सोडून द्या. एका लिटरमध्ये अडीच ते पावणेतीन फोन.

वाईट नाही! ब्लॅक स्मोकरमधून असं पाणी रात्रंदिवस वाहत असतं. सूर्य मावळला, वारा पडला तरी थांबत नाही.

आता दुसरं गणित, आणि हे रीलवाले कधीच करत नाहीत. ती ४७ टेरावॅटची उष्णता सगळीकडे पसरलेली आहे. समुद्रतळाच्या एका चौरस मीटरमधून सरासरी जेमतेम ०.१ वॅट बाहेर पडतो. क्रिकेटच्या एका पिचएवढ्या तळातून सहा वॅट. एक साधा १८ वॅटचा चार्जर चालवायला, १२ टक्के हिशोब धरला तर, पंचवीस पिचएवढा तळ लागेल. शिवाय जिथे उष्णता इतकी विरळ तिथे तापमानही कमी, म्हणून प्रत्यक्षात ते १२ टक्केसुद्धा मिळणार नाहीत. त्या तुलनेत तुमच्या गच्चीवरचं एक चौरस मीटरचं सोलर पॅनेल भर दुपारी २०० वॅटच्या आसपास देतं.

म्हणून एकूण उष्णता किती आहे हा प्रश्नच चुकीचा आहे. ती एका जागी किती गोळा झाली आहे, हा खरा प्रश्न. पर्वतरांगेवरच्या मोजक्या जागा आणि ज्वालामुखी सोडले तर समुद्राचा तळ विजेच्या दृष्टीने गारच म्हणायचा.

मग त्या मोजक्या जागांवर पाइप का लावत नाहीत?

मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबू.

सगळ्यात आधी सुचतं ते म्हणजे धुराड्याच्या तोंडावर टोपी बसवायची आणि पाणी पाइपातून वर ओढायचं. पण ते धुराडं बनलंय कशाचं? त्याच पाण्यातून बाहेर पडलेल्या खनिजांचं. गरम पाणी जरा थंड झालं की खनिजं चिकटायला लागतात. गीझरच्या कॉईलवर साचणारा पांढरा थर पाहिला असेल, त्याचं हे राक्षसी रूप. पाइप वर येईपर्यंत बाहेरचा दोन अंशांचा समुद्र त्याला सतत गार करत राहणार, म्हणजे पाइप आतून भरत जाणार. आणि जे पाणी वर पोचेल ते खारट, आम्लधर्मी आणि हायड्रोजन सल्फाइडने भरलेलं. साधं पोलाद त्यात टिकत नाही.

मग टर्बाईनच खाली नेलं तर? मेक्सिकोतले अभियंते खेरार्दो इरिआर्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच प्रस्ताव मांडला होता. झऱ्याच्या तोंडावर बंद डब्यासारखं यंत्र बसवायचं. झऱ्याचं पाणी फक्त उष्णता देणार. आत लवकर उकळणारं दुसरंच द्रव फिरणार, त्याच्या वाफेवर टर्बाईन चालणार आणि बाहेरच्या गार समुद्रात ती वाफ परत थंड होणार. कल्पना मला आवडते, कारण तिथे थंड पाणी फुकट आणि भरपूर आहे आणि वाफेच्या यंत्राला गरम बाजूइतकीच थंड बाजूही लागते. पण अडीच किलोमीटर खोल बसवलेल्या टर्बाईनचं बेअरिंग गेलं तर दुरुस्तीला कोण जाणार? जहाज, रोबो, चांगलं हवामान हे सगळं जुळून यावं लागतं. तोवर वीज बंद.

त्यातून झरे एका जागी कायम राहत नाहीत. अमेरिकेच्या पश्चिमेला जुआन द फुका रांगेवर गॉडझिला नाव पडलेलं एक धुराडं होतं, १५ मजली इमारतीएवढं. १९९० च्या दशकात ते कोसळलं. त्याहून बोलका किस्सा पूर्व पॅसिफिकमधला. तिथे संशोधकांनी तळावर भूकंप मोजणारी १२ उपकरणं ठेवली होती. २००६ मध्ये ती उचलायला गेले तर चारच परत आली. मधल्या काळात तिथे ज्वालामुखीचा उद्रेक झाला होता आणि काही उपकरणं लाव्हात रुतून बसली होती. उपकरणांचं एक वेळ ठीक आहे, पण शेकडो कोटींच्या वीजकेंद्राचं असं झालं तर?

झऱ्यावर अवलंबून न राहता तळाखाली बोअर घेणं हा जास्त शहाणा रस्ता. बोअर घ्यायला समुद्र खोल असणं ही खरी अडचण राहिलेली नाही. मुंबई हाय साधारण ७५ मीटर पाण्यात आहे, पण तेल कंपन्या आज तीन-तीन किलोमीटर खोल पाण्यातही विहिरी खोदतात. अडचण उष्णतेची आहे. ड्रिलच्या टोकाजवळचं इलेक्ट्रॉनिक्स २०० अंशांच्या आसपास मान टाकतं. पोलाद तापलं की वाढतं. एक किलोमीटर लांबीचा पाइप ४०० अंशांनी तापला तर जवळजवळ पावणेपाच मीटर लांब होतो! दोन्ही बाजूंनी सिमेंटमध्ये पक्का केलेला पाइप वाढणार कुठे? तो वाकतो किंवा फाटतो.

आणि शेवटी केबल. चांगल्या जागा बहुतेक किनाऱ्यापासून शेकडो, हजारो किलोमीटर लांब. नॉर्वे आणि ब्रिटन यांच्यामध्ये समुद्रातून ७२० किलोमीटरची वीजवाहिनी २०२१ मध्ये सुरू झाली, म्हणजे लांब केबल अशक्य नाही. पण तिच्यातून १,४०० मेगावॅट जातात, म्हणून ती परवडते. पाच-दहा मेगावॅटच्या झऱ्यासाठी एवढी केबल कोण टाकेल?

गंमत म्हणजे खोल समुद्रातल्या ज्वालामुखीवर आज वीज आहे, पण ती उलट्या दिशेने जाते. ओरेगनच्या किनाऱ्यावरून केबल टाकून ॲक्सियल नावाच्या समुद्री ज्वालामुखीवरच्या कॅमेऱ्यांना आणि सेन्सरना वीज पुरवली जाते. एप्रिल २०१५ मधला त्याचा उद्रेक याच यंत्रणेने टिपला.

समुद्रात आतापर्यंत खरोखर किती वीज तयार झाली?

थोडीच, पण झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी प्रयोगात ओकिनावाजवळच्या झऱ्याच्या पाण्यात एक इलेक्ट्रोड आणि बाजूच्या गार समुद्रात दुसरा ठेवून तीन एलईडी पेटवले गेले. यात उष्णतेपेक्षा रसायनाचा खेळ होता. झऱ्यातलं हायड्रोजन सल्फाइड आणि समुद्रातला ऑक्सिजन यांच्यामध्ये एक प्रकारची नैसर्गिक बॅटरीच तयार झाली.

दुसरा प्रयोग चिनी संशोधकांचा, तोही आपल्या हिंदी महासागरात, नैऋत्येकडच्या पर्वतरांगेवर. त्यांनी थर्मोइलेक्ट्रिक तुकडे वापरले. या तुकड्याची एक बाजू गरम आणि दुसरी गार ठेवली की त्यातून थेट वीज निघते, टर्बाईन नाही, हलणारा एकही भाग नाही. २०१६ मध्ये छापून आलेला निकाल: २.६ ते ३.९ वॅट. जुन्या फोनबरोबर यायचा तो ५ वॅटचा चार्जरही याच्यापेक्षा जोरदार.

हसू नका. तळावर वर्षभर बसून राहणाऱ्या सेन्सरला तीन वॅट म्हणजे चैन आहे. आज अशा सेन्सरची बॅटरी संपली की जहाज पाठवावं लागतं आणि जहाजाचा एका दिवसाचा खर्चच लाखांत जातो. माझं मत विचाराल तर समुद्रतळावरच्या उष्णतेचा पहिला खरा ग्राहक शहर नसेल. सेन्सर, कॅमेरे आणि तिथेच येऊन चार्ज होणारे रोबो हे पहिले ग्राहक असतील. वीज जिथे तयार होते तिथेच वापरली, तर केबलचा प्रश्नच उरत नाही.

समुद्राची रांग जमिनीवर आली तर?

पृथ्वीवर अशी एक जागा आहे. अटलांटिक महासागराच्या मधोमध जाणारी पर्वतरांग आइसलँडच्या नैऋत्य टोकाला पाण्यातून वर येते आणि चालत जाता येईल अशी जमीन होते. त्या टोकाचं नाव रेक्यानेस. तिथे २००६ मध्ये १०० मेगावॅटचं भूऔष्णिक केंद्र सुरू झालं आणि ते आजही चालू आहे.

रेक्यानेसच्या विहिरींतून येणारं पाणी पावसाचं नाही, समुद्राचं आहे. किनाऱ्याजवळच्या भेगांतून ते आत झिरपतं, तीनशे अंशांच्या आसपास तापतं आणि विहिरीतून वर येतं. म्हणजे ब्लॅक स्मोकरचीच यंत्रणा, फक्त डोक्यावर अडीच किलोमीटर समुद्र नाही. पुरावा हवा असेल तर त्यांचे पाइप बघावेत. आतल्या बाजूला जस्त, तांबं आणि थोडं सोनंसुद्धा असलेला काळा थर साचतो, अगदी धुराड्यात साचतो तसाच. तिथले लोक तो खरवडतात, पाइप बदलतात, दाब सांभाळतात आणि केंद्र चालू ठेवतात. कारण पाइपपर्यंत गाडीने जाता येतं. समुद्राखालच्या उष्णतेवर आज घरं उजळतात ती इथे, आणि ती शक्य झाली ती वरचं पाणी नसल्यामुळे.

याच टोकावर आणखी खोल जायचा प्रयत्नही झाला. ऑगस्ट २०१६ मध्ये अडीच किलोमीटरची एक जुनी विहीर पुढे खोदायला घेतली आणि २५ जानेवारी २०१७ ला ती ४,६५९ मीटरवर थांबली. तळाशी ४२७ अंश तापमान आणि ३४० बार दाब मोजला गेला. एवढ्या तापमान-दाबाला पाणी ना पाणी राहतं ना वाफ, दोन्हींच्या मधलंच काहीतरी होतं. त्याला सुपरक्रिटिकल अवस्था म्हणतात. साध्या पाण्याला त्यासाठी ३७४ अंश आणि २२१ बार लागतात, समुद्राच्या खाऱ्या पाण्याला जास्त, साधारण ४०७ अंश आणि २९८ बार. या अवस्थेतल्या पाण्यात खूप जास्त ऊर्जा असते. नेहमीची भूऔष्णिक विहीर तीन ते पाच मेगावॅट देते, तर अशी विहीर त्याच्या दहापट देईल अशी आशा होती.

ती विहीर वीज देऊ शकली नाही, तिचा पोलादी पाइप खाली खराब झाला. याआधी २००९ मध्ये त्याच देशात क्राफ्ला इथे दुसऱ्या एका विहिरीने नकळत थेट मॅग्माच गाठला होता. तिच्या तोंडाशी ४५० अंशांची वाफ येत होती. पण २०१२ मध्ये झडपा बिघडल्यामुळे तीही बंद करावी लागली. दोन्ही वेळा उष्णता भरपूर मिळाली आणि लोखंड हरलं. जमिनीवर, रस्त्याच्या कडेला ही अवस्था. समुद्राखाली काय होईल याचा अंदाज तुम्हीच करा.

उष्णतेच्या इतक्या जवळ राहण्याची दुसरी किंमतही आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये रेक्यानेस द्वीपकल्पावरचं ग्रिंडाविक हे मासेमारीचं गाव रातोरात रिकामं करावं लागलं. ८ फेब्रुवारी २०२४ च्या उद्रेकात लाव्हाने स्वार्त्सेंगी केंद्रातून निघणारी गरम पाण्याची मुख्य वाहिनी तोडली आणि ऐन हिवाळ्यात वीस हजारांहून जास्त लोकांच्या घरातलं हीटिंग बंद पडलं. केंद्राभोवती मातीचे उंच बांध आधीच घातले होते म्हणून केंद्र वाचलं. जी उष्णता वीज देते तीच अधूनमधून दारात येऊन उभी राहते.

इटलीच्या मार्सिलीची चर्चाही तुम्हाला सापडेल. सिसिलीच्या उत्तरेला टायरेनियन समुद्रात हा ७० किलोमीटर लांब ज्वालामुखी बुडालेला आहे. माथा पाण्याखाली साधारण अर्धा किलोमीटर, किनारा फार लांब नाही, म्हणून कागदावर जागा उत्तम. तिथे समुद्री विहिरी घेऊन वीज करायची योजना २०१० च्या आगेमागे मांडली गेली. त्याच सुमारास या ज्वालामुखीचा उतार कोसळला तर त्सुनामी येऊ शकते असा इशाराही भूशास्त्रज्ञांनी दिला. योजना कागदावरच आहे.

तिथे राहणाऱ्यांचं काय?

व्हेंटजवळचे जीव सूर्यावर जगत नाहीत. तिथले जिवाणू हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा घेतात आणि बाकीचे त्यांच्यावर जगतात. हिंदी महासागरातल्या अशाच झऱ्यांवर २००१ मध्ये एक गोगलगाय सापडली, जिच्या पायावर लोहाच्या सल्फाइडचे खवले असतात. धातूचं चिलखत घालणारा दुसरा प्राणी माहीत नाही. २०१९ मध्ये ती धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत गेली आणि कारण होतं खोल समुद्रातल्या खाणकामाची शक्यता. ती राहते त्या जागा अगदी मोजक्या. झऱ्यावर टोपी बसवली तर तिचं घरच जातं. म्हणूनही मला झऱ्याला हात न लावता लांबून बोअर घ्यायचा रस्ता बरा वाटतो.

आणि भारत?

अरबी समुद्रात कार्ल्सबर्ग नावाची पर्वतरांग आहे, पण मुंबईपासून दीड हजार किलोमीटरहून जास्त लांब. तिथून वीज आणायचा विचार सोडून द्या. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि समुद्र संशोधन केंद्र आणि चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था यांनी मध्य हिंदी महासागर रांगेवर साडेचार किलोमीटर खोल एका जिवंत व्हेंटचे फोटो मिळवले. या भागात भारताकडे २०१६ पासून शोधाचे हक्क आहेत आणि २०२५ मध्ये कार्ल्सबर्गसाठीही करार झाला. पण नीट वाचा, हे करार सल्फाइड खनिजांच्या शोधाचे आहेत, विजेचे नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच धुराड्याशी जोडलेल्या असल्यामुळे बातम्यांत घोटाळा होतो.

कोकणातल्या गरम कुंडांबद्दलही विचारलं जातं. वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ-राजवाडी. तिथे खाली मॅग्मा नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि परत येतं. अंघोळीला उत्तम, टर्बाईनला अपुरं.

माझं लक्ष अंदमानवर आहे. भारताचा एकमेव जागृत ज्वालामुखी बॅरन बेट तिथे आहे, आजूबाजूच्या समुद्रतळाची हालचालही चालू आहे आणि बेटांवरची बरीचशी वीज आजही जहाजाने आणलेल्या डिझेलवर तयार होते. जिथे एक युनिट वीज मुळातच महाग पडते आणि किनारा जवळ असतो, तिथे महागडा बोअरही हिशोबात बसू शकतो. ही कुठली सरकारी योजना नाही, माझा अंदाज आहे. तिथे आधी लागेल तो तळाच्या उष्णतेचा नीट नकाशा, आणि तो करायला खाली महिनोनमहिने टिकणारे सेन्सर. त्यांना तीन वॅट पुरतात.